मूल दुसऱ्या राज्यात, हुकूम आपल्या हातात

(ठाण्यात घोडबंदर रोडवर झालेल्या तरुणांच्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विचारलं होतं, ‘तलाक’ या विषयावर बोलाल का? मी म्हटलं, १९८५ च्या शाहबानो निकालापासून तलाकवर सगळेच बोलत आले आहेत. वर्तमानपत्रं बोलतात, टीव्ही बोलतो, मौलाना बोलतात, पुढारी बोलतात. पण तलाक झाल्यावर मुलाला कोण, कधी आणि कुठे भेटणार, यावर फारसं कोणी बोलत नाही. आणि ते मूल दुसऱ्या राज्यात राहायला गेलं तर त्या भेटीचं काय होतं, हे तर वेळ आल्यावरच कळतं. आज मी तेवढ्याच गोष्टीवर बोलणार आहे.

आधीच सांगतो, मी वकील नाही. सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. पण माझी नऊ वर्षांची मुलगी तिच्या अम्मीबरोबर हैदराबादला राहते आणि मी इथे कासारवडवलीत. त्यामुळे गेल्या काही वर्षांत हा कायदा मला वाचावाच लागला. त्यातलं जे पक्कं आहे तेवढं सांगतो. तुमच्या स्वतःच्या प्रकरणात मात्र चांगल्या वकिलाला विचारूनच पाऊल टाका.

हा विषय इथे का? आपला हा रस्ता एका टोकाला माजिवड्याला नाशिक हायवेला लागतो आणि दुसऱ्या टोकाला अहमदाबाद हायवेला. इथल्या टॉवरमध्ये राहणारे लोकही चारी दिशांनी आलेले आहेत. कोणी कोकणातून, कोणी मराठवाड्यातून, कोणी मुंब्रा-भिवंडीतून, कोणी गुजरात, कर्नाटक, तेलंगणातून. आपल्या आईवडिलांची लग्नं बहुतेक नात्यात नाहीतर शेजारच्या तालुक्यात झाली. आपली ऑफिसात जुळतात, ॲपवर जुळतात. मुलगा महाडचा, मुलगी हुबळीची आणि संसार ठाण्यात. तो टिकला तर अल्हम्दुलिल्लाह. मोडला तर मुलगी माहेरी जाते आणि माहेर दुसऱ्या राज्यात असतं. तिचं जाणं मी चुकीचं म्हणत नाही. इथलं भाडं एका पगारात निघत नाही आणि लहान मूल सांभाळायला तिची आई, बहीण तिकडे असतात. याच्या उलटही घडतं. बाप मुलाला गावी दादीकडे नेऊन ठेवतो आणि आई इथे एकटी वकिलांचे उंबरे झिजवते. म्हणून आज मी जे बोलतोय ते फक्त बापांसाठी आहे असं कोणी समजू नका.

आता एक गोष्ट आपल्यापैकी अनेकांना माहीत नसते. मुलाला किती दूर न्यावं, हा प्रश्न आपल्या फिकहने आठशे वर्षांपूर्वीच विचारात घेतला होता. हिजानत, म्हणजे लहान मुलाला सांभाळण्याचा हक्क, हनफी मतानुसार आईचा. मुलगा साधारण सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत. आपल्या कोकणी मुसलमानांमध्ये शाफई मत चालतं. तिथे मुलाला समज आली की, साधारण सातव्या वर्षानंतर, त्यालाच विचारावं असं आहे. पण मी ज्याबद्दल बोलतोय तो नियम ‘हिदाया’मध्ये आहे. मर्गीनानी यांचा हा बाराव्या शतकातला हनफी ग्रंथ. १७९१ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद झाला आणि इंग्रजांच्या कोर्टांनी तो वापरला. त्यातला नियम थोडक्यात असा: तलाकनंतर आईला मूल घेऊन दूरच्या शहरात जायचं असेल, तर जिथे तिचा निकाह झाला त्या आपल्या मूळ गावी ती जाऊ शकते. इतर ठिकाणी जायचं तर ते इतक्या अंतरावर असावं, की बापाला मुलाला भेटून रात्री आपल्या घरी परतता यावं.

या नियमात दोन्ही बाजू सांभाळल्या आहेत. आईला तिच्या माणसांत जाण्याची मुभा आहे आणि बापाची भेटही विसरलेली नाही. मुलावरून आईला त्रास होऊ नये आणि बापालाही होऊ नये, हा सूरह बकरातल्या २३३ व्या आयतीचा आशयही असाच आहे. आता तो नियम आपल्या नकाशावर ठेवून बघा. भिवंडी, कल्याण, नाशिक सोडाच, इथून सुरतला जाऊन मुलाला भेटून रात्री घरी येता येतं. हैदराबादला नाही. कल्याणहून रात्री हुसेनसागर एक्स्प्रेस पकडली तर उतरायलाच दुसरा दिवस उजाडतो. तिथून पुढे कायद्याचं काम सुरू होतं.

कायदा काय म्हणतो? मुलाच्या ताब्याचा आणि भेटीचा आपल्याकडचा मुख्य कायदा म्हणजे १८९० चा पालक आणि पाल्य अधिनियम. तो सर्व धर्मांना लागू आहे. कोर्ट आपल्या शरियतचा विचार करतं, पण शेवटी मुलाचं हित कशात आहे हे पाहून ठरवतं. या कायद्याचं कलम ९ सांगतं की अर्ज कुठे करायचा: मूल सर्वसाधारणपणे जिथे राहतं तिथे. मूल सुट्टीत आजोळी गेलं म्हणून तिथलं कोर्ट त्याचं होत नाही. पण ते तिकडच्या शाळेत घातलं, दोन वर्षं गेली, की चित्र बदलतं. म्हणजे हुकूम ठाण्याचा असला तरी पुढचे अर्ज हैदराबादला लढायची वेळ येऊ शकते.

मग ठाण्याच्या हुकुमाला हैदराबादमध्ये किंमत आहे की नाही? आहे, पूर्ण आहे. संविधानाचं अनुच्छेद २६१ वाचा. भारतातल्या कोणत्याही भागातल्या दिवाणी न्यायालयाचा अंतिम निकाल किंवा हुकूम देशात कुठेही अंमलात आणता येतो. कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ चं कलम १८ तेच सांगतं: ज्या कोर्टाने हुकूम दिला ते कोर्ट त्याची अंमलबजावणी करू शकतं, किंवा तो दुसऱ्या कौटुंबिक न्यायालयाकडे, ते नसेल तिथल्या दिवाणी न्यायालयाकडे, अंमलबजावणीसाठी पाठवता येतो.

अमेरिकेत हे इतकं सोपं नव्हतं. तिथे प्रत्येक राज्याचा कौटुंबिक कायदा वेगळा. एका राज्यात मनासारखा हुकूम मिळाला नाही की पालक मुलाला उचलून दुसऱ्या राज्यात जायचे आणि तिथे नवा हुकूम मिळवायचे. ते थांबवायला त्यांनी १९६८ मध्ये एक नमुना कायदा केला, १९८० मध्ये संघराज्याचा कायदा केला आणि १९९७ मध्ये आणखी एक नमुना कायदा. तो मॅसेच्युसेट्स सोडून बाकी ४९ राज्यांनी स्वीकारला आहे. त्यात ‘घरचं राज्य’ ठरवायची साधी कसोटी आहे: अर्जाच्या आधी मूल सलग सहा महिने जिथे राहिलं ते. आपल्याला तो भांडणाचा पहिला टप्पा लढावाच लागत नाही, कारण आपला कायदा एक आणि सर्वोच्च न्यायालय एक. मग आपलं घोडं अडतं कुठे?

ते अडतं हुकुमाच्या शब्दांत. मित्रांनो, आज एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. दुसऱ्या कोर्टाकडे हुकूम अंमलबजावणीला गेला की त्या कोर्टाला तो बदलता येत नाही. त्यात लिहिलंय तेवढंच ते करू शकतं. आपल्या तडजोडनाम्यांत ठरलेलं एक वाक्य असतं: ‘वडिलांना मुलास वाजवी वेळी भेटण्याची मुभा राहील.’ वाजवी वेळ म्हणजे कोणती? शनिवार की रविवार? सकाळ की संध्याकाळ? घरात, की मॉलमध्ये, की नानाच्या समोर बसून? हैदराबादच्या कोर्टाने ‘हा हुकूम मोडला’ असं म्हणायचं तर नेमकं काय मोडलं?

माझ्या हुकुमात हेच वाक्य होतं. मी रात्रभर प्रवास करून जायचो आणि दारात कळायचं की आज तिचा पेपर आहे, आज पाहुणे आहेत. मुलीची अम्मी वाईट नाही. तिच्या दृष्टीने तिचं म्हणणं वाजवीच होतं आणि माझ्या दृष्टीने माझं. पुढे आम्ही दोघांनी कोर्टासमोर तेच वाक्य काढून तारखा, वेळा घातल्या. तेव्हापासून आमचं भांडण बरंच कमी झालं, कारण भांडायला जागाच उरली नाही.

म्हणून तलाक, खुला किंवा मुबारात होत असताना, दोघांचं बोलणं अजून सुरू असतानाच, या गोष्टी लिहून घ्या.

पहिली: वार, वेळ आणि जागा. ‘महिन्याचा दुसरा शनिवार सकाळी १० पासून रविवार संध्याकाळी ६ पर्यंत, मूल अमुक ठिकाणी सोपवायचं, तिथेच परत करायचं’, असं.

दुसरी: सुट्ट्या. दोन राज्यांच्या शाळांची उन्हाळी सुट्टी एकाच दिवशी लागेल असं नाही. म्हणून मुलाच्या शाळेच्या सुट्टीचा पहिला अर्धा की दुसरा अर्धा, हे लिहा. ईदची तारीख लिहू नका, ती चंद्रावर ठरते. ‘मूल राहतं त्या शहरात ईद होईल तो दिवस’ असं लिहा आणि एका वर्षी ईदुल फित्र एकाकडे, बकरी ईद दुसऱ्याकडे, पुढच्या वर्षी उलट.

तिसरी: व्हिडिओ कॉल. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, न्या. दीपक गुप्ता यांनी लिहिलेल्या एका निकालात, भेटीच्या हक्काबरोबर ‘संपर्काचा हक्क’ही मान्य केला. आईवडील वेगवेगळ्या राज्यांत किंवा देशांत असतील तर व्हिडिओ कॉल हा संपर्काचा सर्वात चांगला मार्ग, असं त्यात म्हटलं आहे. लॉकडाऊन त्यानंतर दोनच महिन्यांनी लागला. तेव्हा कॉलचा वार आणि वेळही हुकुमात आली पाहिजे.

चौथी: प्रवासाचा खर्च कोणाचा, मुलाबरोबर कोण येणार, आणि भेट चुकली तर तिच्या बदल्यात कोणता दिवस.

पाचवी: घर बदलण्याची सूचना. कोर्टाने नेमलेल्या पालकाला परवानगीशिवाय पाल्याला कोर्टाच्या हद्दीबाहेर नेता येत नाही, हे १८९० च्या कायद्याच्या कलम २६ मध्ये आहेच. पण साध्या तडजोडीतही इतके दिवस आधी लेखी कळवायचं, नवा पत्ता आणि शाळेचं नाव द्यायचं, असं घाला.

सहावी: परत आणून सोडण्याची हमी. अनेक आयांना भीती असते की बाप मुलाला भेटायला नेईल आणि परत आणणारच नाही. ती भीती उगाच नसते, अशी प्रकरणं होतात. बापाने ती हमी आपणहून लिहून द्यावी, मुलाचा पासपोर्ट कोणाकडे राहील तेही लिहावं. अर्धा अविश्वास तिथेच कमी होतो.

आणि हे सगळं कोर्टाच्या हुकुमात आलं पाहिजे. काझीसाहेबांसमोर किंवा जमातीच्या बैठकीत समझोता होतो, त्याला मी कमी लेखत नाही. घरातलं भांडण घराजवळ मिटणं चांगलंच. पण ७ जुलै २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की दारुल कजाचा निर्णय कायद्याने बंधनकारक नाही. शंभर किंवा पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर लिहिलं, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, नोटरी केलं, म्हणून त्याचा हुकूमनामा होत नाही. तो कागद घेऊन तुम्ही दुसऱ्या राज्यातल्या कोर्टात ‘याची अंमलबजावणी करा’ म्हणू शकत नाही. समझोता झाला की त्याच अटी कौटुंबिक न्यायालयात दाखल करा, जिथे कौटुंबिक न्यायालय नाही तिथे जिल्हा न्यायालयात, आणि त्याप्रमाणे हुकूम घ्या. मग प्रमाणित नकला काढून ठेवा, एक नाही, तीन-चार.

एवढं करूनही भेट नाकारली तर? आधी प्रत्येक चुकलेल्या भेटीची नोंद ठेवा: तारीख, तिकीट, मेसेज. मग ज्या कोर्टाने हुकूम दिला तिथे अर्ज करा, की समोरचा पक्ष अमुक शहरात राहतो, हुकूम तिथल्या कोर्टाकडे पाठवा. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे ते कोर्ट हुकुमाची नक्कल आणि त्याची पूर्तता झाली नसल्याचा दाखला थेट तिकडच्या कोर्टाला पाठवतं. राज्य वेगळं असलं तरी मध्ये कोणाची परवानगी लागत नाही. तिकडे दरखास्त चालते. त्या कोर्टाला स्वतःचा हुकूम असल्यासारखेच अधिकार असतात. हुकूम जाणूनबुजून मोडणाऱ्यावर मालमत्तेची जप्ती, दिवाणी कैद असे उपाय आहेत. याशिवाय न्यायालयाचा अवमान आहे, त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण तो अर्ज घटनेपासून एका वर्षाच्या आत करावा लागतो, हे लक्षात ठेवा. आणि १८९० च्या कायद्यातही दंड आहे. कोर्टाने सांगूनही मूल हजर न करणाऱ्याला शंभर रुपये, पुढे दिवसाला दहा रुपये, आणि एकूण पाचशेच्या वर नाही. राणी व्हिक्टोरियाच्या काळात ती मोठी रक्कम असेल. आज ती अगदीच किरकोळ आहे. त्याच कलमात दिवाणी तुरुंगात ठेवण्याची तरतूद आहे, ती मात्र अजूनही टोचते.

पोलीस ठाण्यात जाऊन काही होईल का, असं तरुण मुलं मला विचारतात. हुकूम नसेल तर बहुधा नाही. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं की कोर्टाची मनाई नसताना बापाने स्वतःच्या मुलाला नेलं तर तो अपहरणाचा गुन्हा होत नाही. ते प्रकरण हिंदू कुटुंबाचं होतं, पण धडा सगळ्यांना आहे. हुकूम नसेल तर पोलीस ‘कोर्टात जा’ म्हणणार, मग तक्रार आईची असो वा बापाची.

बहिणींसाठी दोन गोष्टी. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली तुम्ही जिथे राहता, तात्पुरत्या राहत असाल तरीही, तिथल्या मॅजिस्ट्रेटकडे जाऊ शकता. मुलाचा तात्पुरता ताबा आणि भेटीची व्यवस्था तिथे ठरू शकते. भेटीने मुलाला धोका असेल तर मॅजिस्ट्रेट ती नाकारू शकतात. आणि त्या कायद्याखालचा हुकूम संपूर्ण भारतात लागू असतो, असं कायद्यातच लिहिलं आहे. दुसरं, एका दमात तलाक दिला गेला असेल तर २०१९ च्या कायद्याच्या कलम ६ प्रमाणे अल्पवयीन मुलांच्या ताब्यासाठी मॅजिस्ट्रेटकडे मागणी करता येते.

कायद्यात अजून कमी काय आहे, तेही सांगतो. अमेरिकेच्या त्या कायद्यात दोन सोयी आहेत. भेटीचा हुकूम मोघम असेल तर दुसऱ्या राज्यातलं कोर्ट तात्पुरतं वेळापत्रक लावून देऊ शकतं. आणि अंमलबजावणीच्या अर्जावर, नोटीस पोचली की शक्यतो कोर्टाच्या पुढच्या कामकाजाच्या दिवशीच सुनावणी होते. आपल्याकडे दरखास्तीच्या तारखा पडत जातात. सहा महिन्यांची तारीख पडते तेव्हा चार वर्षांच्या मुलाच्या आयुष्याचा आठवा हिस्सा निघून जातो. न्या. ए. पी. शाह अध्यक्ष असताना विधी आयोगाने मे २०१५ मध्ये २५७ वा अहवाल दिला. त्यात दोन्ही पालकांनी मिळून मूल वाढवण्याचा विचार आणि पालकत्वाचा आराखडा आहे. तो अहवाल कायद्यात उतरावा आणि आंतरराज्य भेटीच्या दरखास्तीला ठरावीक मुदत असावी, ही मागणी आपण केली पाहिजे. तलाकच्या प्रत्येक चर्चेत समाजाला धर्माच्या रेषेवर उभं केलं जातं. या मागणीत हिंदू, मुसलमान, ख्रिश्चन असा भेद नाही.

शेवटचं, आणि मला सर्वात महत्त्वाचं वाटणारं. हे सगळं वापरताना मूल मध्ये सापडू नये. पोटगी थकली म्हणून भेट बंद करू नका आणि भेट मिळाली नाही म्हणून पोटगी रोखू नका. दोन्ही मुलाची आहेत. पोटगीची वसुली वेगळ्या अर्जाने होते, भेटीची वेगळ्या. मूल मोठं होत जातं तशा त्याच्या गरजा बदलतात. ताब्याचे हुकूम कायमचे दगडावर कोरलेले नसतात, परिस्थितीप्रमाणे ते बदलता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच सांगून ठेवलं आहे. आठ वर्षांची मुलगी ‘या वेळी मला मैत्रिणीच्या वाढदिवसाला जायचंय’ म्हणाली तर तो हुकुमाचा भंग समजू नका. तेरा वर्षांचा मुलगा दार लावून बसला तर त्याला बेलिफ पाठवून बाहेर काढायचं नसतं. तिथे समुपदेशक लागतो आणि धीर लागतो. हुकूम पक्का असावा तो मोठ्यांसाठी. मुलाशी वागताना तो खिशातच ठेवायचा.

आज इथे बसलेल्यांपैकी बरेच जण अविवाहित आहेत. तुम्हाला वाटेल, आमचा काय संबंध? तुमची बहीण, तुमचा चुलतभाऊ, ऑफिसातला मित्र कधीतरी तुमच्याकडे येईल आणि म्हणेल, ‘उद्या काझीसाहेबांकडे सह्या आहेत, सोबत चल.’ तेव्हा सोबत जा. कागद वाचा. त्यात मेहरचा आकडा असेल, दागिन्यांची यादी असेल, फ्रिज आणि वॉशिंग मशीनसुद्धा असेल. मुलाच्या भेटीचं एकच ओझरतं वाक्य असेल तर सही थांबवायला सांगा आणि दोघांना समोरासमोर बसवून कॅलेंडर उघडा. तासाभराचं काम आहे.